वसईचे कॅथेड्रल



वर्ध्याच्या श्रोत्यांपुढे वसईच्या एका ख्रिस्ती मंदिरावर बोलावयाचे, तेही वसंत व्याख्यानमालेत आणि ह्या उन्हात, म्हणजे प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. वसई म्हटले की आपल्या मनासमोर चिमाजी अप्पा उभे राहतात, भगवा झेंडा आणि सुरुंगाने उडालेला बुरूज उभा राहतो. शाळेतला तो धडा आपण सर्वांनीच वाचला आहे आणि तो अभिमानाने वाचावा असाच आहे. परंतु धडा संपतो तेथे गोष्ट संपत नाही. झेंडा लागल्यानंतर त्या किल्ल्यात जी मोठमोठी चर्चे उभी होती त्यांचे काय झाले, आणि त्यांत गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसे कोठे गेली, हे त्या धड्यात नव्हते. त्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

शिवाय देवाचे घर कोणाचे, हा प्रश्न ह्या गावाला परका नाही. १९२८ साली जमनालालजी बजाज यांनी येथले लक्ष्मीनारायणाचे मंदिर ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते त्यांना मोकळे केले, तेव्हा हाच प्रश्न वर्ध्याने साऱ्या देशाला विचारला होता. येथून जवळच मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचे काम करणारे कुमारप्पा ख्रिस्ती होते, आणि पवनारला विनोबांनी 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केले. तेव्हा वसई दूर असली तरी विषय आपल्या घरातलाच आहे.

आता कॅथेड्रल म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो. चर्च पुष्कळ असतात. त्यांपैकी ज्या एका चर्चमध्ये बिशपाचे आसन असते ते कॅथेड्रल. आकाराचा येथे संबंध नाही. आपल्याला सर्वांत जवळचे कॅथेड्रल नागपूरचे, सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाचे. नागपूरला स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ साली मिळाला आणि १९५३ साली तो आर्चबिशपाचा झाला. ही व्याख्या ध्यानात ठेवावी, कारण वसईच्या किल्ल्यात ज्या उंच मनोऱ्याच्या पडक्या इमारतीला लोक 'सेंट जोसेफचे कॅथेड्रल' म्हणतात, ते ह्या अर्थाने कॅथेड्रल कधीच नव्हते! पोर्तुगीज अमदानीत वसईला बिशप नव्हता. ती गोव्याच्या आर्चबिशपाच्या हाताखाली होती. सेंट जोसेफ हे तिचे 'मात्रीझ', म्हणजे गावचे मुख्य चर्च. लोकांनी मात्र त्याला बढती देऊन ठेवली. अशी बढती लोक दुसरीकडेही देतात. चीनच्या किनाऱ्यावर मकाव नावाचे पोर्तुगीजांचे ठाणे होते. तेथे सेंट पॉल चर्चची दगडी दर्शनी भिंत तेवढी शिल्लक आहे, मागे काही नाही. तीही सर्रास कॅथेड्रल म्हणून दाखविली जाते. वास्तविक ते जेझुइटांच्या विद्यालयाचे चर्च होते आणि मकावचे कॅथेड्रल वेगळेच आहे. मकावला मी पुन्हा येणार आहे, कारण वसईचा एक मुलगा त्याच जलमार्गाने पूर्वेकडे गेला.

वसई पोर्तुगीजांच्या हाती आली ती १५३४ च्या डिसेंबरात. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने घाबरा झालेला. त्याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख, ज्यात साष्टी आणि मुंबईची बेटे होती, पोर्तुगीजांना देऊन टाकला. पुढे बारा वर्षांनी, १५४६ च्या मार्चमध्ये, पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने हिंदुस्थानातील आपला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यास एक पत्र लिहिले. वसईत संत जोसेफच्या नावाने चर्च बांधावे असा त्यात हुकूम होता. त्याच पत्रात मूर्तिपूजा मोडून काढण्याचाही हुकूम होता. म्हणजे चर्चचा जन्म आणि देवळांचा नाश एकाच कागदावर लिहिलेला आहे. सुलतानाच्या काळी मशिदींच्या खर्चाकडे जाणारा पैसाही पुढे ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आला. सत्तेने धर्माला खांद्यावर घेतले म्हणजे काय होते, ते ह्या हिशेबात दिसते. त्याच तिजोरीतून आज एकाची दिवाबत्ती होते, उद्या दुसऱ्याची.

त्या शतकात वसई भरभराटीस आली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, एकेका पंथाने तटाच्या आत आपापले चर्च आणि मठ उभारले. शंभरएक एकरांच्या किल्ल्यात इतकी चर्चे कशाला, असा प्रश्न पडतो. परंतु पुण्यातल्या पेठांत देवळे मोजणाऱ्याने तो विचारू नये. उत्तर कोकणच्या पोर्तुगीज मुलखाची ही राजधानी होती, गलबते बांधण्याचे ठिकाण होते आणि श्रीमंत फिदाल्गो, म्हणजे खानदानी लोक, येथे हवेल्या बांधून राहत. पोर्तुगीज तिला मोठ्या मानाने 'उत्तरेचा दरबार' म्हणत.

सेंट जोसेफ १६०१ साली नव्याने बांधून वाढविण्यात आले. दरवाजावरच्या पोर्तुगीज शिलालेखात तेव्हाचे आर्चबिशप आलेक्सु द मेनेझिस आणि येथले व्हिकार पेद्रो गाल्वांव परेरा यांची नावे कोरलेली आहेत. हे मेनेझिस म्हणजे केरळातल्या प्राचीन सिरियन ख्रिस्त्यांना रोमच्या शिस्तीत आणण्यासाठी १५९९ साली उदयंपेरूरची धर्मसभा भरविणारे आणि त्यांचे जुने ग्रंथ जाळावयास लावणारे. व्हिकाराची गोष्ट मात्र मनाला लागते. तो १६१८ साली मरण पावला तो रोममध्ये. त्याच्या अस्थी समुद्रमार्गे वसईला आणून, त्याने वाढविलेल्या ह्याच चर्चमध्ये पुरल्या. एवढ्या लांबून हाडे परत आणावीत इतकी ही जागा त्याला आणि त्याच्या लोकांना आपली वाटत होती. त्याच वर्षाच्या मे महिन्यात किनाऱ्यावर भयंकर तुफान झाले आणि वसईतल्या चर्चांची छपरे उडाली. ती पुन्हा घातली गेली. त्या वेळी छपरे घालावयास पैसा होता.

आता त्या मुलाकडे वळतो. गोन्सालो गार्सिया हा १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि पंधरासोळा वर्षांचा असता एका पाद्र्याबरोबर जपानला गेला. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा पोर्तुगीजांच्या गलबतांचा तो रस्ता. जपानी भाषा त्याला उत्तम आली. त्याने तेथे व्यापार केला, पुढे मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला, आणि १५९३ साली त्या संघाची मंडळी हिदेयोशीच्या दरबारी गेली तेव्हा दुभाष्या म्हणून हा बरोबर गेला. चार वर्षांनी हवा बदलली. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत हा होता. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले. हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिला रोमन कॅथलिक संत. त्याचा बाप कोण होता यावरून आपण त्याला परका म्हणावयाचे की आई कोण होती यावरून आपला, हे श्रोत्यांनी आपल्या मनाशी ठरवावे. वसईच्या लोकांनी ते केव्हाच ठरवून टाकले आहे.

येथे मकावची ती भिंत आठवते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उभी राहिली, आणि जपानातून हाकलून दिलेले ख्रिस्ती कारागीर तिच्या कामावर होते. राज्य छळ करू लागले म्हणून ते मकावला आले आणि दगड घडवीत बसले. १८३५ साली आगीत मागची इमारत जळून गेली आणि भिंत उरली. चीनमध्येच कँटनला उलटी गोष्ट घडली. दुसऱ्या अफूच्या युद्धात तेथल्या सुभेदाराचा वाडा उद्ध्वस्त झाला, ती जागा फ्रेंचांनी मिळविली आणि १८६३ पासून १८८८ पर्यंत खपून तेथे ग्रॅनाइटचे प्रचंड कॅथेड्रल उभारले. चिनी लोक त्याला साधेपणाने 'दगडी घर' म्हणतात. पराभूताच्या वाड्याच्या जागी विजेत्याचे मंदिर, हा खेळ जगभर चाललेला आहे. वसईचे वैशिष्ट्य ते खेळण्यात नाही. ते कोठे आहे, ते आता सांगतो.

पोर्तुगीज अमलात हिंदूंना जे सोसावे लागले ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. देवळे पाडली गेली, उघड सण-विधी बंद झाले, पोरक्या मुलांना धर्मात घेतले गेले, आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयाचा वरवंटा फिरू लागला, त्याची सावली उत्तरेत येथवर पडली. त्यामुळेच अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्यासारखी मंडळी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घालीत होती. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे पडले. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पा स्वतः वसईसमोर येऊन बसले. तीन महिने वेढा. दलदल, समुद्र आणि तटावरच्या तोफा. मराठ्यांची हजारो माणसे कामास आली. मे महिन्यात सुरुंगांनी बुरुजाला खिंडार पडले आणि १६ मे रोजी किल्लेदार काएतान द सौझा परेरा याने तहावर सही केली.

हा तह आपण लक्ष देऊन वाचला पाहिजे. पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत, मानाने बाहेर पडावे. कुटुंबांनी आपली चीजवस्तू न्यावी. आणि जे ख्रिस्ती मागे राहू इच्छितील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, त्यांच्या उपासनेसाठी काही चर्चे राखावीत. हजारो माणसे गमावलेल्या फौजेच्या सेनापतीने, दोनशे वर्षांच्या जाचाची कैफियत ऐकून युद्धास निघालेल्या माणसाने, हे कलम मान्य केले. वसईचे वैशिष्ट्य म्हणजे हे कलम. आपल्या व्याख्यानांतून आणि पोवाड्यांतून खिंडाराची गोष्ट शंभर वेळा येते, ह्या कलमाची एकदाही येत नाही, ह्याचे मला आश्चर्य वाटते. खिंडार पाडावयास दारू लागते. हे कलम मान्य करावयास काय लागले असेल, त्याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

२३ मे रोजी पोर्तुगीज गेले. युरोपियन पाद्रीही गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्त्यांच्या उपासनेची जबाबदारी गोव्याकडच्या देशी पाद्र्यांवर आली, आणि पुढे तटाबाहेरची चर्चे ह्याच मंडळींनी सांभाळली. एक चमत्कारिक गोष्ट येथे घडली. जो मान पोर्तुगीज राज्यात देशी पाद्र्याला सहजासहजी मिळाला नसता तो हिंदू राज्यात त्याच्याकडे चालून आला.

किल्ल्यातल्या सेंट जोसेफचे मात्र दिवस संपले. त्याला तोडण्यासाठी कोणी पहार मारावी लागली नाही. ज्यांच्या पैशाने छपरे होत होती ते निघून गेले. पावसाने आणि वडापिंपळांच्या मुळांनी उरलेले काम केले. मनोऱ्यांतल्या घंटा तेवढ्या मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. तिच्यावर १७२१ हा आकडा आहे आणि 'नारोशंकराची घंटा' नाशिककरांना ठाऊक नाही असे होत नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे आणि १७०७ हे साल आहे. हिशेब केला तर वसईच्या मनोऱ्यात ती फार तर बत्तीस वर्षे वाजली. कृष्णाकाठी तिचा मुक्काम त्याच्या कितीतरी पट झाला. शंकराच्या देवळाशेजारी मरियमेची मूर्ती लटकते आहे आणि कोणाला त्यात विसंगत काही वाटत नाही. मी मेणवलीस गेलो तेव्हा एक म्हातारबुवा घाटावर बसले होते. घंटेवरच्या बाईंविषयी विचारले तर म्हणाले, "आई हाये, मांडीवर ल्येकरू हाये. आनिक काय सांगायचं?"

विजेत्यांनी दुसरीकडे देवळेही बांधली. सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी वज्रेश्वरीचे मंदिर उभारले, निर्मळच्या तीर्थाचा जीर्णोद्धार केला. वसईचे नाव काही काळ बाजीपूर झाले. ते कागदावर राहिले. १७८० साली इंग्रज जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत आला, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने ह्याच वसईत तो कुप्रसिद्ध तह करून मराठी राज्य गहाण टाकले. ज्या गावाने आपला सर्वांत उजळ तह पाहिला त्याच गावाने त्रेसष्ट वर्षांनी सर्वांत काळा तह पाहिला. असो.

मी वसईस प्रथम गेलो तेव्हा किल्ल्यातून फिरताना एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सांगितले, "हे येथले ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचा उरलासुरला गाळ." मला ते बोचले, पण त्या वेळी उत्तर सुचले नाही. उत्तर नंतर सुचले, आणि ते पुस्तकात नव्हे, निर्मळ-आगाशीकडच्या वाड्यांतून हिंडताना. केळीच्या आणि पानवेलींच्या बागा, विहिरी, अंगणातले क्रूस. घरात बोलली जाते ती सामवेदी, आपल्या मराठीची एक बोली. आडनाव डिसोझा किंवा परेरा, पण लग्नातली गाणी, शेतीतले शब्द, नात्यांच्या हाका येथल्या मातीतल्या. पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या ह्या किनाऱ्यावर दोनशे पाच वर्षे होते. ही माणसे त्यांच्या आधी होती आणि त्यांच्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे आहेत. त्यांचा धर्म बदलला, तोही कित्येकांचा जुलमाने बदलला असेल. परंतु १७३९ नंतर तर जुलूम करणारा कोणी उरला नव्हता. तेव्हा पुष्कळांनी त्याच धर्मात राहणे पत्करले. जुलमाने आरंभ झालेली गोष्टसुद्धा दोन पिढ्यांत कोणाच्या तरी आजीची श्रद्धा होऊन बसते, आणि मग ती काढून घेणे हा दुसरा जुलूम ठरतो. तहातले ते कलम लिहिणाऱ्यांना हे कळले होते की काय कोण जाणे. त्याचा परिणाम मात्र असा झाला.

पुढची हकीगत थोडक्यात. १८८६ साली वसईकडची पोर्तुगीज पाद्रोआदोची चर्चे दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ साली ती मुंबईला जोडली गेली. १९६२ ते १९६५ ह्या काळात रोमला धर्मसभा भरली आणि लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषेत उपासना करण्यास मोकळीक मिळाली. वसईत ही लोकांची भाषा मराठी. चार शतके ज्या वेदीसमोर लॅटिन ऐकू आले तेथे मराठीत मिस्सा सुरू झाला. ह्याच समाजातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी अनुवादाला, 'सुबोध बायबल'ला, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवर त्या वेळी धर्माच्या नावाने आरडाओरडा झाला, हे आपण विसरलो नसाल. तीनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेच संमेलन आपल्या वर्ध्यात भरले. दिब्रिटो २०२४ साली वारले.

आणि कॅथेड्रल? ते वसईला खरोखरीचे मिळाले. २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा असा वसईचा धर्मप्रांत निर्माण झाला, थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. १७३९ मध्ये पोर्तुगीज ज्या तारखेस किल्ल्याबाहेर पडले तिच्या आदल्या दिवसाची ही तारीख पडावी हा योगायोग. बिशपाचे आसन मांडण्यात आले ते किल्ल्यातल्या भग्न सेंट जोसेफमध्ये नव्हे. ते ठेवले तटाबाहेर, पापडीच्या चर्चमध्ये, जेथे मागे राहिलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करीत आली होती.

राजाच्या हुकमाचे चर्च पुराणवस्तू खात्याच्या ताब्यात आहे. मनोऱ्यातला चक्राकार जिना अजून आहे; वर चढले की एका बाजूला खाडी दिसते, दुसऱ्या बाजूला तटापलीकडची माडांची गर्दी. खाली नेव्हमध्ये गवत वाढलेले असते. जवळच जेझुइटांचे चर्च आहे; त्याला लोकांनी पुन्हा छप्पर घातले आणि गोन्सालो गार्सियाचे नाव दिले. फेब्रुवारीत त्याचा सण येतो तेव्हा गावोगावची माणसे मुलाबाळांसह किल्ल्यात येतात, सेंट जोसेफच्या उघड्या भिंतींवरून पुढे जातात, आणि त्या चर्चमध्ये मराठी गीते गातात.